साहेब लांब बसतात म्हणजे गर्विष्ठच असतात का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ऐरोलीच्या ऑफिसात दिवाळीचा कार्यक्रम झाला. साहेब आले, सगळ्यांना शुभेच्छा दिल्या, वेगळ्या टेबलावर बसून जेवले आणि अर्ध्या तासात निघून गेले. मागे सगळे म्हणाले, ‘आपल्याला माणसांत धरतच नाहीत.’ हे खरं असतं का आणि अशा साहेबांशी आपण होऊन बोलायला जावं का, असं तुम्ही विचारलंय. पुढच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था तुमच्याकडे आहे, हेही लिहिलंय. त्यावर शेवटी बोलतो.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एमआयडीसीत कामगार म्हणून लागलो आणि खातेप्रमुख म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हे दोन्हीकडून पाहिलंय. साहेब लांब राहतात एवढ्यावरून त्यांना गर्विष्ठ ठरवू नका. ते सगळ्यांपासून सारखेच लांब आहेत का, ते बघा.

रबाळे-महाप्याच्या कारखान्यांत दसऱ्याला मशिनींची पूजा होते. मशिनीला झेंडूचा हार, हळदकुंकू, मग पेढे. पाच-सहा पोरं लेथपाशी घोळका करून उभी असतात, त्यातला एकजण साहेबांचीच नक्कल करत असतो. साहेब त्या बाजूला वळले की ज्याचं आधी लक्ष जातं तो खाकरतो, नक्कल करणाऱ्याचा हात खाली येतो, आणि सगळे ‘या साहेब, या’ म्हणत वाट करून देतात. पुढचं बोलणं पावसाचं आणि मुलगा कितवीत आहे याचं. ज्या साहेबांना हे समजतं ते दोन मिनिटांत पुढे सरकतात. आपली पाठ वळल्याशिवाय पोरांचा सण सुरू होत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

दिवाळीला तर बोनसचा विषय प्रत्येकाच्या जिभेवर असतो. कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २०, त्यामधला आकडा वर ठरतो. हातात ताट घेऊन कोणी ‘साहेब, यंदा किती?’ विचारलं आणि साहेब नुसते हसले, तरी दुसऱ्या पाळीपर्यंत ‘वीस नक्की’ अशी बातमी पोहोचते. नंतर कमी मिळाला की दोष त्या हसण्याला. म्हणून पुष्कळ जण त्या दिवसांत घोळक्यात थांबतच नाहीत.

सहलीचं आणखी वेगळं. कर्जतच्या रिसॉर्टवर रात्री बाटल्या उघडल्या आणि साहेबच ट्रेनीला ‘घे रे अजून एक’ म्हणाले, तर ते पोर नाही कसं म्हणणार? त्याची पगारवाढ त्यांच्याच सहीवर. आणि मुलींच्या बाबतीत तर महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्पष्ट आहे. कामाच्या निमित्ताने जिथे जाल ती जागा, कंपनीने दिलेली गाडीसुद्धा, कामाचीच जागा धरली जाते. रिसॉर्टवर केलेली लगट ‘मजेत झालं’ म्हणून सुटत नाही. जेवण झाल्यावर जे साहेब उठून झोपायला जातात, ते मला भले वाटतात.

आता जे अंतर खरोखर वाईट, ते सांगतो. साहेब बाकीच्यांना लांबून नमस्कार करतात, पण ठरावीक चौघांबरोबर रात्री उशिरापर्यंत बसतात. मग सोयीची पाळी, चांगलं काम, मागितलेली रजा त्याच चौघांना. असं दिसलं तर तुमच्या लोकांचा राग रास्त आहे.

दुसरं याहून वाईट, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले, लोडिंगची मुलं कंत्राटी असतात. ताटं मोजताना त्यांना धरलेलंच नसतं. मावशी आपल्या सगळ्यांची ताटं उचलतात आणि त्यांची पाळी येते तेव्हा पुऱ्या गार, गुलाबजाम संपलेले. वर्षभर त्यांनी पुसलेल्या फरशीवर आपण नाचतो आणि त्या भिंतीला टेकून उभ्या असतात. मला याची चीड येते, अजूनही येते. माझे एक साहेब होते, कधी नाचले नाहीत, कुणाच्या गप्पांत बसले नाहीत. पण हॉलवर आले की आधी मागच्या दाराने केटररकडे जायचे. ‘गेटवरची ताटं गेली का?’ एवढंच विचारायचे आणि ती निघेपर्यंत स्वतः ताटाला हात लावायचे नाहीत. सगळा कारखाना त्यांना खडूस म्हणायचा.

तर ताई, बोलायला जरूर जा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला, ताट हातात यायच्या आधी जा. नाव, खातं, सध्या काय काम बघता ते सांगा. रजा, पगार, बढती काढू नका. घरचं कोणी बरोबर असेल तर ओळख करून द्या, म्हाताऱ्या माणसांशी आणि लहान मुलांशी बोलताना बरेच साहेब मोकळे होतात. दोन-चार वाक्यं झाली की तुम्हीच निरोप घ्या.

आणि व्यवस्थेचं. साहेबांसाठी पांढऱ्या चादरीचं, पाण्याच्या बाटल्या मांडलेलं वेगळं टेबल बहुतेक वेळा आपणच लावतो. बसवलं तिथे ते बसतात आणि आपण म्हणतो, वेगळे बसले. या वेळी ते टेबल लावू नका. केटररला आकडा देण्याआधी कंत्राटी माणसांची यादी घ्या, त्यांची ताटं धरून खर्च काढा आणि मंजुरीला तुम्ही स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये जा. ते काय म्हणतात ते इथे कळवा.