आधी एक वही घे

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले सगळे फोटो पाहिले. पंढरपूरच्या वाळवंटात पहाटे फुगडी घालणाऱ्या त्या दोघी बायकांच्या फोटोपाशी मी बराच वेळ थांबलो. त्या कुठल्या गावच्या, असं विचारलं तर तू लिहिलंस, "ते विचारायचं राहिलं." नोकरी सोडून देशोदेशी फोटो काढत फिरायचं म्हणतोस, म्हणून कॅमेरा-लेन्सच्या आधी या राहिलेल्या गोष्टीबद्दल लिहितो.

१९८४ साली स्टीव्ह मॅककरी यांनी पाकिस्तानात पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत एका अफगाण मुलीचा फोटो काढला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला. ते हिरवे डोळे जगाला पाठ झाले, पण शरबत गुला हे नाव कळायला २००२ उजाडलं. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला टिपलेल्या मजूर आईचंही तेच. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव १९७८ मध्ये लोकांसमोर आलं. आपल्या चेहऱ्याचा फोटो एवढा गाजला, हाती मात्र काही आलं नाही, याचा तिला राग होता. तो मला रास्त वाटतो.

माझ्याही हातून हे घडलंय. झांझिबारला पाजेच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की बायका गुडघाभर पाण्यात उतरून दोऱ्यांना समुद्री शेवाळ बांधतात. तीन दिवस मी त्यांच्यात होतो. एकीनं घरी नेऊन चहा पाजला. परतल्यावर संपादकांनी फोटोओळ मागितली आणि माझ्याकडे तिचं नाव नव्हतं. खाली छापलं गेलं, 'स्थानिक महिला'. ते दोन शब्द अजून सलतात.

तेव्हापासून वही खिशात असते. नाव त्या माणसालाच त्याच्या लिपीत लिहायला सांगतो, उच्चार मी देवनागरीत टिपतो. रात्री कॅमेऱ्याची कार्डं दोन हार्ड डिस्कवर उतरवून त्या वेगवेगळ्या बॅगांत ठेवतो आणि फोटोओळी लिहिल्याशिवाय झोपत नाही. कितीही दमलो तरी.

पैशाचं एकच सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला मालक तो काम देणारा ठरतो. म्हणून हक्काचं आधी कागदावर आण, मग तिकीट काढ.

आता त्या दोघींचं. फोटो मोठा करून बघ, मागच्या फलकावर 'रथामागे', म्हणजे पालखीच्या रथामागून चालणारी, आणि पुढे दिंडीचा क्रमांक वाचता येतो. त्यावरून दिंडीप्रमुख सापडतील. दोन प्रिंट काढ, त्यांच्या गावी जा, त्यांच्या हातात दे. परवानगी माग. मग नावं मला कळव, मी वाट बघतोय.