हप्त्यावरचा कर गेला, रुग्णालयाच्या बिलाचं काय?

आरोग्य विमा आणि उपचारांच्या खर्चाबद्दल गेल्या काही महिन्यांत बरेच प्रश्न आले. त्यांतल्या काहींची उत्तरं इथे देत आहे.

प्रश्न : आरोग्य विम्यावरचा जीएसटी रद्द झाला म्हणतात. तरी आम्हा नवरा-बायकोचा हप्ता जवळजवळ पूर्वीएवढाच आला. कंपनीने फसवलं का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

जुनी आणि नवी पावती शेजारी-शेजारी ठेवा. वैयक्तिक आणि कौटुंबिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. मूळ हप्ता ४० हजार असेल तर ७,२०० रुपये वाचायला हवेत. नव्या पावतीत कर लावलेला नसेल आणि तरी रक्कम तेवढीच असेल, तर मूळ हप्ता वाढवला आहे. करमाफीमुळे कंपन्यांना एजंटचं कमिशन आणि इतर खर्चांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यातला काही भार मूळ हप्त्यात येऊ शकतो. मात्र साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता विमा नियामक आयआरडीएआयशी आधी सल्लामसलत केल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. वाढ त्यापुढे गेली असेल तर कंपनीला लेखी जाब विचारा. आणखी एक पाहा. पॉलिसी बँकेमार्फत किंवा संघटनेमार्फत घेतलेली असेल तर ती समूह विम्यात मोडू शकते. त्याला ही माफी नाही, तिथे १८ टक्के कर अजून आहे.

प्रश्न : करमाफीचं श्रेय सरकारही घेतं आणि विरोधकही. खरं कोणाचं? आणि यामुळे सामान्य माणसाचं भलं झालं का? (किराणा दुकानदार, नाशिक)

श्रेय दोघांनी वाटून घ्यावं. जुलै २०२४ मध्ये नितीन गडकरी यांनी, नागपूरच्या एलआयसी कर्मचारी संघटनेच्या निवेदनावरून, अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हा कर काढण्याची मागणी केली. ऑगस्टमध्ये विरोधी खासदारांनी संसदेच्या आवारात निदर्शनं केली. निर्णय मात्र ३ सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी परिषदेत झाला.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मला जास्त वाटतं. वर्षाहून जास्त काळ आपल्याकडे वाद झाला तो हप्त्यावरच्या कराचा. हप्ता ज्यामुळे फुगतो ते रुग्णालयाचं बिल मात्र या वादात जवळजवळ आलंच नाही. रुग्णालयांची नोंदणी आणि नियमन यांसाठी केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल आस्थापना कायदा केला, महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा चालतो. त्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णालयाने दरपत्रक लावलं पाहिजे, पण दर किती असावेत यावर कसलीच मर्यादा नाही. भिंतीवर लाख लिहा नाहीतर पाच लाख, नियम पाळला गेला!

दर ठरवणं अशक्य आहे असं कोणी म्हणालं तर मे २०२० आठवा. कोविडच्या काळात राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साध्या वॉर्डचे दिवसाला ४,००० रुपये, आयसीयूचे ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले, आणि कितीतरी कुटुंबांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीच्या, किमतींवर कमाल मर्यादा घातली आणि त्या एका फटक्यात खाली आल्या. म्हणजे मार्ग माहीत आहे, तो वापरायची इच्छा हवी.

डॉक्टरांचा आक्षेप मी झटकून टाकत नाही. तालुक्यातलं दहा खाटांचं प्रसूतिगृह आणि मुंबईतलं पंचतारांकित रुग्णालय यांना एकच दर लावला तर आधी तालुक्यातलं बंद पडेल, आणि नुकसान तिथल्या बायाबापड्यांचं होईल. म्हणूनच दर शहराच्या आणि रुग्णालयाच्या प्रतीप्रमाणे असावेत. २०२१ मध्ये कोविडचे दर शहरांच्या वर्गवारीप्रमाणे केलेच होते.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांनी थेट खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. ही सुधारणा मोठी आहे, मी ती मान्य करते. पण सरकारचा आरोग्यखर्च त्या वर्षीही जीडीपीच्या १.८४ टक्केच होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं वचन दिलं होतं. तुमच्या आमदार-खासदारांना विचारायचंच असेल तर हे विचारा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. तिथे विम्याच्या अनुदानावरून सरकारच ठप्प झालं. श्रीमंत देशात असं का? (पुणे)

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मधली ती कोंडी ४३ दिवस चालली. ओबामांच्या २०१० च्या कायद्याखाली विमा घेणाऱ्यांना २०२१ पासून मिळणारी वाढीव सवलत वर्षअखेर संपणार होती, ती चालू ठेवावी ही विरोधातल्या डेमोक्रॅट पक्षाची मागणी होती. तो देश जीडीपीचे सुमारे १८ टक्के आरोग्यावर खर्च करतो. खासगी विम्यासाठी रुग्णालयांच्या दरावर लगाम नाही. त्यामुळे हप्ता परवडावा म्हणून सरकार अनुदान देतं आणि पुढे ते कोणी द्यायचं यावर भांडण होतं. आपण त्या वळणावर पोचायच्या आधी शहाणं व्हावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रश्न : वडिलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करायची आहे. केशरी कार्ड आहे. रुग्णालय म्हणतं, योजनेतल्या खाटा शिल्लक नाहीत, पैसे भरा. (यवतमाळ)

लगेच पैसे भरू नका. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णांना मदत करणारा आरोग्यमित्र असतो. आधी त्याला गाठा, मग १५५३८८ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. खाटा नाहीत हे रुग्णालयाकडून लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा खाट निघते. वडील सत्तरीपुढचे असतील तर उत्पन्न न पाहता मिळणारं, मोफत उपचारांसाठीचं केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. त्यासाठी आधार कार्ड लागतं.

रुग्णालयं अशी टाळाटाळ करतात, कारण योजनेचे दर कमी आहेत आणि पैसे उशिरा मिळतात. त्यांची ही तक्रार खरी आहे. पण ती सरकारशी भांडून सोडवायची, दारात आलेल्या रुग्णाला परत पाठवून नाही.

प्रश्न : सात वर्षं हप्ते भरले. आता ‘मधुमेह लपवला’ म्हणून क्लेम नाकारला. (ठाणे)

सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर माहिती दिली नाही या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. फसवणूक झाल्याचं तिला सिद्ध करावं लागतं. एप्रिल २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तेवढी तारीख सांभाळा.