आजोबांचा डबल बेस: दुरुस्त करावा की तसाच विकावा?

प्रश्न : माझे आजोबा मुंबईत सिनेसंगीताच्या रेकॉर्डिंगला डबल बेस (व्हायोलिनसारखं, पण माणसाहून उंच तंतुवाद्य) वाजवत. तो पंचवीस वर्षं घराच्या कोपऱ्यात उभा आहे. पुढच्या फळीचा जोड खालच्या कडेला सुटलाय. सुताराकडून चिकटवून घेऊन विकू का? (वांद्रे)

उत्तर : सुताराकडे मात्र देऊ नका. फळी आणि कडेची पट्टी सरसाने जोडलेली असते, आणि तो जोड फार घट्ट करायचा नसतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, नंतर आकसतं. अशा वेळी फळी चिरण्यापेक्षा जोड सुटलेला बरा. शिवाय सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे उद्याच्या कारागिरालाही वाद्य उघडता येतं. पांढरा गोंद एकदा आत गेला की उघडताना लाकूडच सोलून निघतं. अशी वाद्यं माझ्या हातून गेली आहेत आणि प्रत्येक वेळी जीव कळवळला आहे.

तोवर तारा थोड्या सैल करा, पण सगळ्या एकदम काढू नका. आत साउंडपोस्ट नावाची एक दांडी पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये नुसत्या दाबावर उभी असते. ताण गेला की ती पडू शकते. एफ आकाराच्या भोकातून टॉर्च मारून पाहा. ती आडवी पडली असेल तर तारा पुन्हा ताणू नका. चार तारांचा ताण शंभर किलोच्या पुढे जातो आणि आधार नसलेली फळी खचते.

सुटलेला जोड किरकोळ आहे. मागच्या फळीला नेमकी साउंडपोस्टच्या जागी चीर असेल, किंवा मान मोडून जोडलेली असेल, तर मात्र काम मोठं आणि भाव कमी. ते वाद्यांच्या कारागिराला दाखवल्याशिवाय किंमत सांगू नका.

प्रश्न : आत ‘स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोना’ अशी चिठ्ठी आहे. किती लाख मिळतील? (पुणे)

उत्तर : स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे इटलीतल्या क्रेमोनाचा नामांकित व्हायोलिन-कारागीर, पण चिठ्ठीवर भरवसा ठेवू नका. जर्मनीतल्या कारखान्यांनी ती असंख्य वाद्यांत चिकटवली. तो त्या काळचा रिवाज होता. ‘मेड इन जर्मनी’ असंही छापलेलं असेल तर वाद्य बहुधा १८८७ नंतरचं, कारण त्या वर्षीच्या ब्रिटिश कायद्यानंतर ही ओळ रूढ झाली. त्यापेक्षा एफ-भोकाची कड पाहा. प्लायवूडचे थर दिसले तर वाद्य साधं. उभ्या सलग रेघा दिसल्या तर पुढची फळी अखंड स्प्रूसची (वाद्यांसाठी वापरतात त्या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची), आणि मग जाणकाराला बोलवायला हरकत नाही.

प्रश्न : व्हार्निश काळवंडलंय. घासून नवं करू? (मडगाव)

उत्तर : नको. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, बस्स. जुनं व्हार्निश गेलं की किंमत घसरते आणि ती परत येत नाही.

प्रश्न : लिस्बनमधल्या नातलगाला विकायचा आहे. वाद्य शंभर वर्षांपूर्वीचं असावं. तो वाजवायच्या गजाच्या (बो) टोकाला पांढरा तुकडा आहे. (म्हापसा)

उत्तर : आधी कागदपत्रं. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ती पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण देतं. तो हातात येईपर्यंत पैसे घेऊ नका. पांढरा तुकडा हाडाचा की हस्तिदंताचा, हे तपासून घ्या. हस्तिदंताची खरेदी-विक्री भारतात बंद आहे. तसं निघालं तर गज व्यवहारातून वगळा आणि बेस एकटाच विका.