पोलोचा मोह आणि हायवेचा जॅम

प्रश्न : दादा नमस्कार. मी बोरिवलीला राहतो, ऑफिस लोअर परेलला, आठवड्यातनं तीन दिवस जावं लागतं. वय 33, घरी बायको आणि चार वर्षांची मुलगी. आत्तापर्यंत बाबांची जुनी वॅगनआर चालवली. आता सातेक लाखांचं बजेट जमलंय आणि ओळखीतल्या एकाकडे 2017ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, ऑटोमॅटिक, 64 हजार किलोमीटर झालेत, साडेपाच म्हणतोय. एकदा कोस्टल रोडवर चालवली आणि खरं सांगतो त्या रात्री झोप नाही लागली. बायको म्हणते गपचूप नवी स्विफ्ट घे, वॉरंटी तरी मिळेल. सासरे म्हणतात जर्मन गाडी म्हणजे दारात हत्ती बांधणं. मजा बघू की भरवसा?
एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : कोस्टल रोडवर चालवलीस ना, तिथेच सगळा घोळ झाला बघ. सिग्नल नाही, रिक्षा नाही, खड्डा नाही, डाव्या हाताला समुद्र, अशा रस्त्यावर तुझ्या बाबांची वॅगनआरसुद्धा छान वाटली असती. ट्रायल घ्यायचीच तर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला पार्ल्याला हायवेवर चढ आणि बोरिवलीला उतर, मधे कुठेही न थांबता, म्हणजे थांबशीलच पण स्वतःच्या मर्जीने नाही. त्यानंतर झोप उडाली तर मला परत लिही.

तरी तुला वेड का लागलं ते कळतंय मला. त्या गाडीचं 1.2 लिटरचं टर्बो इंजिन 105 पीएसचं (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच), आकडा काही फार मोठा नाही, पण 175 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, अगदी 1500 आरपीएमपासून हजर असतो. आधीच्या स्विफ्टचं चार सिलिंडरवालं इंजिन घे, 90 पीएस, म्हणजे कागदावर फार मागे नाही, पण टॉर्क 113 आणि तोही 4400ला. म्हणजे फ्लायओव्हरच्या चढावर पुढचा टेम्पो बाजूला झाला की स्विफ्टमध्ये तुला गिअर खाली टाकून इंजिन ओरडवावं लागतं आणि पोलोत नुसता अंगठा दाबल्यासारखं केलं की गाडी निघते. त्यात तिचं जड दार, बंद करताना येणारा तो धप्प आवाज, स्टिअरिंगचं वजन... असो, मीच वाहवत चाललो.

आता गिअरबॉक्स. 2013 साली ही जीटी टीएसआय आली ती सात गिअरचा डीएसजी नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेऊन, आणि 2017च्या गाडीतही तोच आहे. याच्यात दोन क्लच असतात, एकाकडे 1, 3, 5, 7 आणि दुसऱ्याकडे 2, 4, 6 आणि रिव्हर्स. तू दुसऱ्यात असतानाच तिसरा तयार बसलेला असतो म्हणून गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. पण हे दोन्ही क्लच कोरडे, तेलात बुडलेले नाहीत. मोकळ्या रस्त्यावर काही प्रश्न नाही, पण जॅममध्ये गाडी एक फूट पुढे, थांब, परत एक फूट, असं चाललं की क्लच पूर्ण धरत पण नाही आणि सुटत पण नाही, नुसता घासत तापत राहतो. वर गिअर टाकायचं काम करणारा तो मेकाट्रॉनिक नावाचा डबा, हायड्रॉलिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र बांधलेलं, त्याच्या तक्रारी जगभर झाल्यात, चीनमध्ये तर कंपनीला या गिअरबॉक्सची वॉरंटी वाढवून 10 वर्षं करावी लागली होती. बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या घरात जातं, म्हणजे तुझ्या साडेपाचावर अजून एक लाख रस्त्यात उभंच आहे असं समज.

माझ्याकडेही होती एक ड्युअल क्लचवाली, कुठली ते विचारू नकोस. जुलैमध्ये जोगेश्वरीच्या आसपास, वायपर फुल स्पीडला, आणि समोर गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं. गाडी पहिल्यावरून थेट तिसऱ्यात जायला लागली, दुसरा गायब. कशीबशी घरी आणली, सोसायटीत नेहमीसारखी नाक भिंतीकडे करून लावली आणि सुटलो म्हणून वर जाऊन चहा प्यायलो. सकाळी रिव्हर्स टाकतो तर रिव्हर्सही नाही, कारण वर सांगितलं ना, 2, 4, 6 आणि रिव्हर्स एकाच क्लचकडे. मग वॉचमन, दूधवाला आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका अशा तिघांनी ढकलून ती टो-वाल्याच्या गाडीपर्यंत आणली आणि काका आजही लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, काय, रिव्हर्स पडतो का.

म्हणून गाडी चांगली की वाईट हा प्रश्न सोड, तुझ्या नशिबात ती किती वेळ रांगणार हे बघ. आणि तू ऑफिसला गाडीने का जातोयस हे मला अजून कळलेलं नाही! बोरिवलीवरून फास्ट पकडायची, दादरला उतरून स्लो, लोअर परेल. गर्दी आहे, मान्य, पण सुटतेही बोरिवलीहून, जरा लवकर गेलास तर बसायलाही मिळतं. हे केलंस तर गाडी शनिवार-रविवारची झाली, पहाटे मालशेज, कधी ताम्हिणी, मे महिन्यात गाव, आणि मग मजेच्या पारड्यात आपोआप वजन पडतं. रोज हायवेवरच काढणार असशील तर जुना डीएसजी घेऊ नकोस, सासरेबुवा बरोबर आहेत.

मी तुझ्या जागी असतो तर वेगळीच पोलो शोधली असती. 2020 नंतरची, बीएस 6 वाली, 1.0 लिटर टीएसआय, तीन सिलिंडर, 110 पीएस, टॉर्क तेवढाच 175, आणि सहा गिअरचा साधा मॅन्युअल. (ऑटोमॅटिकच हवी तर त्या काळातल्या जीटीत डीएसजी जाऊन टॉर्क कन्व्हर्टर आला, म्हणजे कोरड्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक, तो आपल्या ट्रॅफिकला जास्त सोशिक.) 2022ला पोलो बंद झाली म्हणून घाबरू नकोस, हेच इंजिन टायगुन आणि व्हर्टसमध्ये चालू आहे त्यामुळे इंजिनाचे पार्ट मिळतील. पत्र्याचं आणि दिव्यांचं म्हणशील तर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. फक्त एक बघ, त्याच वर्षांत दिसायला डिट्टो तशीच 1.0 एमपीआय पोलोपण विकली जायची, टर्बो नसलेली, 76 पीएस. एजंट लोक नुसतं “वन लिटर पेट्रोल” म्हणून गळ्यात मारतात. आरसीवर डोळे ठेव, डिकीवरच्या बॅजवर नको, बॅज काय, दोनशे रुपयांत चिकटतो.

मॅन्युअल म्हटल्यावर डावा पाय दुखणार, ते खोटं कशाला बोलू. पण क्लच प्लेट गेली तर कुठलाही बरा मेकॅनिक बदलून देतो, आणि जायच्या आधी ती महिनाभर वास मारून, घसरून सांगत असते. मेकाट्रॉनिक कधीकधी काहीच सांगत नाही.

एवढं वाचूनही तीच 2017ची हवी असेल (असणार, मला माहितीये) तर गाडी चांगली अर्धा-पाऊण तास चालवून तापव. थंड गाडीवर हे डबे शहाण्यासारखे वागतात. तापल्यावर ब्रेक हळूच सोडून नुसत्या क्रीपवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता रांगते तशी, चढाला जाऊ दे, थरथरते का, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना ठक्क होतं का, बिल्डिंगच्या रॅम्पवर रिव्हर्स घेताना उड्या मारते का. स्कॅनर लावून जुने एरर वाच, विकणाऱ्याने सकाळीच पुसलेत का तेही बघ, कारण सगळंच कोरं असेल तर मला जास्त संशय येतो. आणि सर्व्हिसचा इतिहास शिक्क्यांसकट, नुसता “सगळं टाइम टू टाइम केलंय” हा डायलॉग नको. टर्बो इंजिनाला तेल वेळेवर आणि सांगितलेल्या ग्रेडचंच लागतं, तिथे कोणी चारशे रुपये वाचवले असतील तर ते पुढे तू भरणार. घेतलीस तर जॅममध्ये रांगू नकोस, ब्रेक दाबून ठेवलास की क्लच सुटा होतो, म्हणून पुढे एक गाडीभर जागा होऊ दे आणि मग एकदम जा. त्या जागेत रिक्षा घुसेल. घुसू दे. पेट्रोलचंही विचारून घे, आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, मिळतं आणि 2017ची गाडी त्या हिशेबाने बनवलेली नाही, टाकीच्या झाकणावर आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाच आणि रबरी पाइप-सील एकदा तपासून घे.

बायकोची बाजू राहिली. नवी स्विफ्ट कंटाळवाणी आहे असं समजून तू नाक मुरडतोयस ते चूक. गाडी 900 किलोच्या आसपासची, हलकी, आणि हलक्या गाडीची मजा 40च्या स्पीडलापण येते जी मुंबईत रोज मिळते, पोलोची मजा 80च्या पुढे सुरू होते आणि तिथे कॅमेरा बसलाय. 2024च्या नव्या मॉडेलचं तीन सिलिंडरचं इंजिन 82 पीएसचं, मला स्वतःला आधीचं चार सिलिंडरवालं गुळगुळीत इंजिन जास्त आवडायचं. सप्टेंबर 2025ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला त्यामुळे बजेटमध्ये बसायलापण सोपी झाली. कंपनीचे टायर झिजले की जरा चांगले घाल, वळणावर गाडी वेगळीच वाटते.

तर माझं मत विचारशील तर लोकलने जाणार असलास तर 1.0 टीएसआय मॅन्युअल आणि 50 हजार बाजूला काढून ठेवायचे, त्यांना गाडीचेच पैसे म्हणायचे, त्यातनं फ्रिजबिज घ्यायचा नाही. गाडीनेच जाणार असलास तर स्विफ्ट, आणि पोलोवाल्या मित्राशी मैत्री टिकव. कुठलीही घेतलीस तरी विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन घे, साध्या पॉलिसीत पाणी शिरून इंजिन गेलेलं धरत नाहीत, आणि अंधेरी सबवेला पाणी दिसलं तर टॉर्क किती आहे ते विसरून मागे फिर.

प्रश्न : 2016ची फियाटची अबार्थ पुंटो मिळतेय, परळच्या एका गृहस्थांची, एकदम टकाटक. घेऊ का? आमच्याकडे दुसरी गाडी नाहीये.
एक वाचक, लालबाग

उत्तर : शेवटचं वाक्य आधी लिहिलं असतंस तर उत्तर एका शब्दात झालं असतं. 1.4 टी-जेट, 145 पीएस, आपल्या रांजणगावला बनलेली, सरळ रस्त्यावर तिच्यासारखी हॅचबॅक त्या पैशात कुणीच दिली नाही, आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक, खडा न खडा हाताला कळतो. पण फियाटने इथला गाशा गुंडाळलाय. इंजिनपेक्षा छोट्या गोष्टी रडवतात, दाराचं हँडल, एखादं सेन्सर, पुढचा बंपर, ज्यासाठी गाडी तीन आठवडे गॅरेजात आणि तू टॅक्सीत. दुसरी गाडी म्हणून, आणि फियाट हाताळणारा एखादा म्हातारा मेकॅनिक आधी गाठलेला असेल तर, डोळे झाकून. एकुलती एक म्हणून नको रे बाबा.

प्रश्न : माझा मुलगा ह्युंदाईची आय20 एन लाइन घ्यायची म्हणतोय, टर्बो, टॉर्क असं काहीबाही सांगतो. माझं वय 67, मणक्याचा त्रास आहे, मी मागे बसणार. मला झेपेल का?
एक वाचिका, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : काकू, बरं झालं तुम्ही विचारलंत, तो विचारणार नव्हता. ही गाडी 2021ला आली, 1.0 टर्बो, 120 पीएस, चारही चाकांना डिस्क ब्रेक, पण साध्या आय20पेक्षा सस्पेन्शन कडक, त्यामुळे वळणावर त्याला जी मजा ती पेव्हर ब्लॉकवर तुमच्या कमरेला. त्याला एक निरोप द्या, ऑटोमॅटिक घेणार असेल तर तिच्यातही सात गिअरचा ड्युअल क्लच आणि तोही कोरडाच आहे, 2023पासून सहा गिअरचा सरळ मॅन्युअल मिळायला लागला तो बघ म्हणावं. वॉरंटी मात्र नवी असल्याने आहे, तेवढा घोर कमी.

झेपेल की नाही ते मी इथे बसून कसं सांगू. ट्रायलची गाडी घरी बोलवा, त्याला चालवू दे, तुम्ही मागे डावीकडे बसा, टायरमध्ये हवा कंपनीच्या आकड्याइतकीच आहे ना ते आधी बघायला सांगा कारण शोरूमवाले कधीकधी जास्त भरून ठेवतात. हायवेला नेऊ नका, हनुमान रोड आणि आजूबाजूच्या गल्ल्या, तीन-चार स्पीडब्रेकर, एखादं खोदकाम, ते पार्ल्यात शोधावं लागत नाही. आणि उतरताना दाराला हात धरून उठावं लागलं का तेवढं बघा, लागलं तर तो पुन्हा टॉर्क सांगायला लागायच्या आत त्याला सांगा.