दहा कॉम्प्युटरच्या ऑफिसला मॅनेज्ड स्विच (आत जाऊन सेटिंग बदलता येणारा स्विच) लागतो का? लागत असेल तर त्यातल्या कोणत्या सोयी बघायच्या?

तुम्ही दिलेली यादी अशी: १० कॉम्प्युटर, टॅलीचा एक सर्व्हर, एक प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक मशीन, ६ आयपी कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर, वायफायचे २ ॲक्सेस पॉइंट. सध्या साधे स्विच आहेत आणि व्हेंडरने मॅनेज्ड स्विचचं बरंच महाग कोटेशन दिलंय. ते पैसे वसूल होतील का, हा तुमचा प्रश्न.

होतील, पण स्विच आणून कोणीतरी तो नीट सेट केला तरच. खोक्यातून काढून केबल लावून सोडून दिलेला मॅनेज्ड स्विच जवळजवळ साध्या स्विचसारखाच चालतो, कारण कारखान्यातून येताना त्याचे सगळे पोर्ट एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच आभासी नेटवर्कमध्ये, असतात.

व्हीलॅन हेच घेण्याचं मुख्य कारण. आज तुमच्याकडे कॅमेरा, पाहुण्याचा मोबाइल आणि टॅलीचा सर्व्हर एकाच नेटवर्कवर आहेत. एखाद्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातलाच राहिला असेल, तर त्यात शिरलेला माणूस थेट सर्व्हरपर्यंत पोचू शकतो. व्हीलॅनने एकाच स्विचचे वेगवेगळे स्विच होतात. व्हेंडर मात्र अनेकदा 'कॅमेऱ्यांमुळे नेट स्लो होतं, म्हणून व्हीलॅन' असं सांगतात, ते तुमच्या बाबतीत खरं नाही. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६५ कॉम्प्रेशनवर साधारण ४ एमबीपीएस घेतो. सहा कॅमेऱ्यांचे झाले २४. १००० एमबीपीएसच्या गिगाबिट पोर्टला ते जाणवतही नाहीत. व्हीलॅन करायचे ते सुरक्षेसाठी.

तुम्हाला तीन व्हीलॅन पुरतात: स्टाफसाठी क्रमांक १०, कॅमेऱ्यांसाठी २०, पाहुण्यांच्या वायफायसाठी ३०. एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच २० मध्ये ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंगचा चोवीस तासांचा डेटा राउटरमधून जाणार नाही. प्रिंटर १० मध्ये. तो दुसरीकडे टाकला तर कॉम्प्युटरला आपोआप सापडत नाही, आयपी पत्ता देऊन जोडावा लागतो.

इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. स्विच व्हीलॅन वेगळे करतो, पण प्रत्येकाला इंटरनेट देणं आणि कोणी कोणाशी बोलायचं हे ठरवणं राउटरचं काम आहे. फायबरवाल्याने दिलेला डबा सहसा व्हीलॅनचे टॅग (डेटा कोणत्या व्हीलॅनचा हे सांगणारी खूण) ओळखत नाही. त्यामुळे व्हीलॅन आणि फायरवॉल असलेला राउटर आधी हवा. बजेट एकाच वस्तूचं असेल तर स्विच पुढच्या महिन्यावर टाका, राउटर आधी घ्या. त्यात नियम साधे ठेवा: पाहुण्यांना फक्त इंटरनेट, कॅमेऱ्यांना इंटरनेट बंद, मोबाइलवरून बघायचं असेल तर फक्त एनव्हीआरला चालू, आणि स्टाफमधून फक्त तुमच्या कॉम्प्युटरला एनव्हीआर दिसेल.

आता पोर्ट मोजू. कॅमेरे आणि ॲक्सेस पॉइंट मिळून ८ पोर्टना पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) हवं, बाकीच्यांना नको. म्हणून २४ पोर्टचा सगळा पीओई स्विच घेण्यापेक्षा, २४ पोर्टचा बिनपीओईचा मॅनेज्ड आणि '८ पीओई अधिक २ अपलिंक (दुसऱ्या स्विचला जोडायचे पोर्ट)' असा दुसरा मॅनेज्ड, ही जोडी मी निवडेन. पीओईचा भाग उन्हापावसातल्या केबलींना जोडलेला असतो, वीज कडाडली की आधी तोच जातो. तेव्हा छोटा स्विच बदलणं परवडतं. दोन्ही मॅनेज्डच हवेत, कारण त्यांच्यामधल्या एकाच केबलवरून तिन्ही व्हीलॅन टॅग लावून न्यायचे आहेत. गेटवरचा किंवा पलीकडच्या इमारतीतला कॅमेरा असेल तर तिथपर्यंत तांब्याऐवजी फायबर टाका; त्यासाठी अपलिंक एसएफपीचा (फायबरचं मॉड्यूल बसणारा) बघा आणि पलीकडे कॅमेऱ्याला वीज देण्याची सोय करा.

पीओई घेताना एकूण वॅट बघा, पोर्टची संख्या नव्हे. ८०२.३एएफ या पीओई मानकात स्विच एका पोर्टला १५.४ वॅट देतो, ८०२.३एटी मध्ये ३०. पण ८ पोर्टच्या स्विचचं एकूण बजेट अनेकदा ६०-६५ वॅटच असतं. हिशोब करा: सहा कॅमेरे प्रत्येकी ८ वॅट म्हणजे ४८, दोन ॲक्सेस पॉइंट प्रत्येकी १५ म्हणजे ३०, एकूण ७८. वर पाव भाग राखीव धरला की शंभराच्या आसपास. म्हणजे १२० किंवा १५० वॅटचा घ्या. 'दिवसा सगळं ठीक, रात्री दोन कॅमेरे बंद-चालू होतात' ही तक्रार आली की आधी हेच तपासा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, वॅट वाढतात आणि बजेट संपतं. दुसरं कारण केबल. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण तिचा रोध जास्त असतो आणि लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. शुद्ध तांब्याची कॅट ६ मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

पीओईचा रोजच्या वापरातला फायदा वेगळाच आहे. कॅमेरा अडकला की शिडी लावायला नको. स्विचच्या पानावरून त्या पोर्टची वीज बंद करून पुन्हा चालू करता येते.

व्हीलॅननंतर दोन सोयी नक्की चालू करा. पहिली लूप ओळखण्याची. टेबलाखालच्या पॅच कॉर्डची दोन्ही टोकं कोणी भिंतीतल्या दोन पोर्टना लावली की साध्या स्विचवर सगळं ऑफिस ठप्प होतं, कारण इथरनेटच्या फ्रेमला (डेटाच्या तुकड्याला) संपण्याची मुदत नसते. ब्रॉडकास्ट (सगळ्यांना पाठवलेला संदेश) फिरत राहतो आणि वाढत जातो. आरएसटीपी (लूप सापडला की एक वाट बंद करणारी सोय) चालू करा, कॉम्प्युटरच्या पोर्टना 'एज' (म्हणजे पुढे स्विच नाही असं) करा, सोबत लूपबॅक डिटेक्शनही ठेवा. ते अशासाठी की काही साधे छोटे स्विच एसटीपीचे संदेश पुढे पाठवतच नाहीत. पोर्ट एज केले नाहीत आणि स्विच जुन्या एसटीपीवर असेल, तर कॉम्प्युटर चालू झाल्यावर पोर्ट अर्धा मिनिट थांबतो, आणि लोक म्हणतात सकाळी नेट लागत नाही.

दुसरी डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे आयपी पत्ते कोण वाटतंय यावर नजर. कोणी घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टला लावला की तोही आयपी वाटायला लागतो आणि अर्ध्या ऑफिसला चुकीचा पत्ता मिळतो. स्नूपिंग ते अडवतं. मात्र राउटरकडे जाणारा पोर्ट 'ट्रस्टेड' करायला विसरू नका. तुमच्याकडे दोन स्विच असतील, म्हणून पीओई स्विचवर मुख्य स्विचकडे जाणारा अपलिंकसुद्धा. तो विसरला की पलीकडच्या उपकरणांना पत्ताच मिळत नाही. वायफायवरच्या विंडोज लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसू लागतो.

माहितीपत्रकातल्या बाकीच्या गोष्टींसाठी जास्त पैसे देऊ नका. क्यूओएस (कोणता डेटा आधी सोडायचा ते ठरवणं): तुमची कोंडी इंटरनेटच्या लाइनवर होते, ती राउटरवर सोडवावी लागते. लिंक ॲग्रिगेशन: दोन केबल जोडल्या तरी एका कॉम्प्युटरची एक फाइल कॉपी एकाच केबलच्या वेगाने जाते. लेयर ३ (स्विचनेच राउटिंग करणं), स्टॅकिंग (अनेक स्विच एकासारखे चालवणं) तुमच्या आकाराला नको. क्लाउडवरून चालणारा स्विच असेल तर वार्षिक लायसन्स आहे का आणि ते संपल्यावर स्विच चालतो का, हे लेखी विचारा.

सेटिंगचा क्रम महत्त्वाचा आहे. लॅपटॉपला हाताने आयपी देऊन स्विच उघडा (प्रत्येक कंपनीचा पत्ता वेगळा: डी-लिंकच्या बऱ्याच स्विचवर १०.९०.९०.९०, सिस्कोच्या छोट्या व्यवसायांच्या स्विचवर १९२.१६८.१.२५४). पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा. मग तीन व्हीलॅन तयार करा. कॉम्प्युटर, सर्व्हर, प्रिंटर आणि बायोमेट्रिकचे पोर्ट १० मध्ये अनटॅग्ड (टॅगशिवाय), कॅमेरे आणि एनव्हीआरचे २० मध्ये अनटॅग्ड, ॲक्सेस पॉइंटचे १० अनटॅग्ड आणि ३० टॅग्ड, राउटरचा आणि दोन स्विचमधला पोर्ट तिन्ही टॅग्ड. स्वस्त स्मार्ट स्विचवर पीव्हीआयडी (टॅग नसलेला डेटा कोणत्या व्हीलॅनचा धरायचा तो क्रमांक) वेगळ्या पानावर असतो, तो प्रत्येक पोर्टला हाताने द्यावा लागतो. तो १ राहिला तर पोर्ट दिसायला बरोबर, पण त्यातून आत येणारा डेटा भलत्या व्हीलॅनमध्ये जातो. अर्धा दिवस खाणारी चूक सहसा हीच असते.

मॅनेजमेंटचा व्हीलॅन (ज्यातून स्विचची सेटिंग उघडतात) सगळ्यात शेवटी बदला आणि एक पोर्ट त्यासाठी मोकळा ठेवा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल आणि रीसेटची पिन दाबून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. नंतर 'सेव्ह' दाबा. अनेक स्विचवर 'अप्लाय' केलेलं फक्त चालू मेमरीत असतं, वीज गेली की पुसलं जातं.

महिन्यातून एकदा पोर्टचे आकडे बघा. सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाचा आकडा) वाढत असतील तर केबल किंवा कनेक्टर खराब आहे. गिगाबिट कॉम्प्युटर १०० एमबीपीएसवर जोडला गेला असेल तर चारपैकी एखादी जोडी तुटली असण्याची शक्यता मोठी, कारण १०० ला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. बायोमेट्रिक मशीन १०० वर दिसलं तर ठीक, बरीच मशीन तेवढीच असतात. त्याचा पोर्ट ऑटोवरच ठेवा. एका बाजूला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्कं केलं की ऑटोवर असलेली दुसरी बाजू हाफवर जाते आणि जोडणी अडखळत चालते.

व्हेंडरचं शेवटचं पेमेंट देण्याआधी तीन गोष्टी हातात घ्या: दोन्ही स्विचच्या कॉन्फिगची बॅकअप फाइल, ॲडमिनचा पासवर्ड, आणि कुठल्या पोर्टला काय लावलंय याचा तक्ता. तक्त्याची एक प्रत रॅकच्या दाराला आतून चिकटवा.