युद्धामुळे विस्थापित झालेल्या मुलांना कला-उपचार शिबिरात युद्धाचे चित्र काढायला सांगावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही जर्मनीत शिकता, येत्या उन्हाळ्यात युक्रेनमधून आलेल्या मुलांच्या शिबिरात स्वयंसेवक म्हणून जाणार आहात, आणि तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत : मुलांना युद्धाचे चित्र काढायला सांगावे का, साहित्य काय न्यावे आणि एखादे प्रमाणपत्र लागते का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. तेवढे लिहून थांबता आले असते. पण याच प्रश्नावरून २०२२ च्या ऑगस्टमध्ये माझे एका बाईंशी जे वाजले ते अजून मिटलेले नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षक पदविका) करून नऊ वर्षे माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली, दरवर्षी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुले बसवली, आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे वॉर्सात आले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केल्यावर पुढच्या काही महिन्यांत पोलंडमध्ये दहा लाखांहून अधिक युक्रेनियन लोकांची नोंदणी झाली. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच होती, कारण अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना, काही अपवाद वगळता, देश सोडण्याची परवानगी नव्हती. शाळांना उन्हाळी सुट्टी लागली तेव्हा एका संस्थेने एका शाळेच्या रिकाम्या इमारतीत तीन आठवड्यांचे शिबिर भरवले आणि मी नाव दिले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहून गेले. त्यांतल्या अनेकांना सोव्हिएत राजवटीने ज्या गावांतून उचलून सैबेरियात नेले होते, ती गावे आज पश्चिम युक्रेनमध्ये आहेत. आमची आजी ‘पोलंडच्या बायकां’बद्दल इतके सांगत असे की वॉर्सात बसून हे शिबिर टाळणे मला शोभले नसते.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. नऊ वर्षांची सवय. फळ्यावर विषय लिहून घेतला, ‘माझे घर’. दुभाषी मुलीने तो मुलांना सांगितला. एका सात वर्षांच्या मुलीने हात वर करून विचारले, “कोणते?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मी फळा पुसला आणि दिवसभर कागदाच्या होड्या केल्या. ‘माझे कुटुंब’, ‘माझे बाबा’, ‘सुट्टीतील मजा’ हे आपले हुकमी विषय तिथे एकेक करून असेच गळून पडतात, हे तुम्ही जाण्याआधीच ओळखून ठेवा.

आमच्याबरोबर युक्रेनमधल्या द्निप्रो शहरातून स्वतःच विस्थापित होऊन आलेल्या एक मानसोपचारतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी मला एक नियम घालून दिला : मुलाच्या कागदाला हात लावण्याआधी परवानगी मागायची, आणि ‘हे काय काढलेस’ असे विचारायचे नाही. परवानगीचा शब्द सुदैवाने सोपा निघाला. ‘मोझ्ना?’ म्हणजे ‘चालेल का?’ हे पोलिशमध्येही चालते आणि युक्रेनियनमध्येही. तीन आठवडे मी मुख्यतः त्या एका शब्दावर काढले. गंमत अशी की चौथ्या-पाचव्या दिवसापासून मुलेही एकमेकांच्या कागदावर रंग सांडण्याआधी ‘मोझ्ना?’ विचारू लागली, आणि उत्तराची वाट न पाहता सांडू लागली.

आता मूळ प्रसंग. खार्किवहून आलेला नऊ वर्षांचा एक मुलगा सलग चार दिवस संपूर्ण कागद काळा करीत होता. जाड पोस्टर रंग, रुंद ब्रश, डावीकडून उजवीकडे, कोपऱ्यांसकट, भिंत रंगवावी तसा. शिबिराच्या समन्वयिका रोज येऊन त्याच्या मागे उभ्या राहत, फोटो काढत आणि आम्हाला हळू आवाजात सांगत की मुलगा आघात बाहेर काढतो आहे. पाचव्या दिवशी मी त्याला इतर रंगांच्या बाटल्या दाखवून ‘मोझ्ना?’ म्हटले, तेव्हा त्याने दुभाषीमार्फत सांगितले की लाल-निळ्यासाठी रांगेत थांबावे लागते, काळा कोणालाच नको असतो, म्हणून ती बाटली कायम भरलेली असते. बस्स, एवढेच कारण होते.

त्याच दिवशी त्याने ओल्या काळ्या रंगावर ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढले. आधी एक चौकट, तिच्यात तीन-तीनच्या ओळींत गोल, त्या गोलांत आकडे, आणि त्यांतल्या चार आकड्यांभोवती दुसरे वर्तुळ. ती त्याच्या इमारतीच्या दारावरची बटणे होती. दाराचा कोड विसरायला नको, असे तो म्हणाला. मी काही विचारले नव्हते.

शेवटच्या शुक्रवारी देणगीदारांसाठी प्रदर्शन भरले. तीन आठवड्यांत मांजरी, आइस्क्रीम, घोडे, फुटबॉलपटू आणि एक अतिशय सुंदर जांभळा ट्रॅक्टर अशी शेकडो चित्रे झाली होती. भिंतीवर लागली फक्त एकवीस, आणि त्यांत रणगाडे, धूर आणि मध्यभागी तो काळा कागद, खाली ‘युद्धाचा काळोख’ असे शीर्षक. त्याच्या आईने ते पाहिले आणि ती पांढरीफटक पडली, कारण तिच्या घराच्या दाराचा कोड भिंतीवर टांगलेला होता आणि लोक त्याचे फोटो काढत होते. मी तो कागद सर्वांदेखत खाली उतरवला. समन्वयिका म्हणाल्या की मी चित्रकला शिक्षिका आहे, उपचारातले मला कळत नाही, आणि मांजरींच्या चित्रांना पुढच्या वर्षीचा निधी मिळत नाही.

उपचारातले मला कळत नाही हे मान्य. पण इतिहास मी नंतर वाचला आणि तो माझ्या बाजूचा निघाला. बाउहाउस या जर्मनीतल्या प्रसिद्ध कलाशाळेत शिकलेल्या ज्यू चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांना नाझींनी १९४२ मध्ये टेरेझिनला, ज्यूंना कोंडून ठेवण्याच्या वस्तीत, धाडले. तिथे त्यांनी मुलांना ताल, रंगसंगती, आकार, पोताचे कागद चिकटवणे असे रीतसर धडे दिले आणि प्रत्येक मुलाला चित्रावर आपले नाव घालायला लावले. १९४४ मध्ये त्यांना आउशविट्झला नेऊन मारण्यात आले. मागे दोन सूटकेसमध्ये साडेचार हजारांच्या आसपास चित्रे राहिली. एडिथ क्रेमर या त्यांच्याच शिष्या. टेरेझिनच्या आधी प्रागमध्ये जर्मनीतून पळून आलेल्या मुलांच्या वर्गांत त्या फ्रीडलबाईंना मदत करीत असत, आणि पुढे अमेरिकेत कला-उपचाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक ठरल्या. चित्र घडवण्याच्या कृतीतच बरे होण्याचे बळ आहे, असे क्रेमरबाईंचे म्हणणे. तर त्यांच्याच काळातल्या मार्गारेट नाउमबर्ग चित्राकडे अबोध मनाची भाषा म्हणून पाहत. समन्वयिकाबाई नकळत दुसऱ्या पक्षात होत्या, मात्र नाउमबर्गबाईंची तयारी आणि वर्षानुवर्षांचा धीर त्यांच्याकडे नव्हता. तीन आठवड्यांच्या शिबिरात मुलाकडून युद्ध काढून घ्यायचे आणि चौथ्या आठवड्यात कुलूप लावून निघून जायचे, याला मी उपचार म्हणत नाही. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सर्व बोलून घेण्याच्या पद्धतीची जागतिक आरोग्य संघटनाही शिफारस करीत नाही.

मुलाने आपणहून रणगाडा काढला तर तो काढू द्यावा, हे सांगायचे राहिले. आमच्याकडे एकाने काढला आणि त्याचा साखळीपट्टा कसा वळतो हे मला विचारले, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ते सोडवले. त्याला रडायला नको होते, साखळीपट्टा हवा होता.

साहित्याचे थोडक्यात सांगते. जाड कागद, तेलखडू, पोस्टर रंग आणि भरपूर माती न्या. जलरंग नको, कारण ते नीट जमत नाहीत आणि घाबरलेल्या मुलाला आणखी एक न जमणारी गोष्ट द्यायची नसते. माती सर्वांत उपयोगी, हे मला १ ऑगस्टला कळले. नाझींविरुद्ध वॉर्सात झालेल्या १९४४ च्या उठावाच्या स्मरणार्थ त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता वॉर्साभर भोंगे वाजतात. आम्ही पालकांना आणि मुलांना आधीच सांगितले होते, तरी भोंगा सुरू होताच दोन मुली टेबलाखाली गेल्या. द्निप्रोच्या बाईंनी त्यांना बाहेर बोलावले नाही. मातीचा गोळा घेऊन त्या स्वतःच टेबलाखाली जाऊन बसल्या आणि तिघी भोंगा थांबल्यानंतरही बराच वेळ तिथेच वळकट्या करीत राहिल्या.

समन्वयिकांची एक बाजू मात्र लिहिली पाहिजे. ती माती, ते रंग आणि दुभाषी मुलीचा पगार हे सारे देणगीच्या पैशांतून आले होते आणि तो पैसा त्यांनीच उभा केला होता. शिवाय काही मुलांना खरोखरच उपचारांची गरज असते : जे मूल आठवडाभर बोलत नाही, झोपत नाही किंवा स्वतःला इजा करते, त्याच्याबद्दल लगेच तज्ज्ञांना सांगा, रंगांवर विसंबू नका. आणि मी एकच शिबिर पाहिले आहे, हेही ध्यानात ठेवा.

प्रमाणपत्र माझ्याकडे कोणी मागितले नाही. लैंगिक गुन्ह्यांच्या सरकारी नोंदीत माझे नाव नाही ना, याची तपासणी मात्र पहिल्या दिवसाआधी झाली. तुमच्या शिबिराने अशी कोणतीही तपासणी न करताच तुम्हाला मुलांमध्ये सोडले, तर तिथे जाऊ नका.