नंदिता दास अभिनेत्रीपासून दिग्दर्शक आणि मग स्त्री-हक्कांच्या कार्यकर्त्या कशा झाल्या?

तुमच्या प्रश्नात क्रम असा आहे: आधी अभिनेत्री, मग दिग्दर्शक, मग कार्यकर्त्या. आणि तुम्ही विचारलंय की हे सामाजिक काम नाव झाल्यावर चिकटलेलं आहे का. मला हा क्रमच उलटा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. सिनेमाचं शिक्षण घेतलेलं नाही, पण नंदिता दास यांचं काम गेली पंधराएक वर्षं मिळेल तसं बघत आले आहे.

वडील जतीन दास चित्रकार, आई वर्षा दास लेखिका. पदवी दिल्लीच्या मिरांडा हाउसमधून भूगोलात आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठातून समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण. आपल्याकडची मुलं एम.एस.डब्ल्यू. करतात, तेच. विद्यार्थिदशेतच सफदर हाश्मींच्या जन नाट्य मंचात त्या पथनाट्यं करत होत्या. पडदा नाही, मेकअप नाही, रस्त्यावर गोल करून उभ्या राहिलेल्या माणसांसमोर बोलायचं. दीपा मेहतांचा 'फायर' आला 1996 मध्ये, या सगळ्यानंतर. म्हणजे समाजकार्याची विद्यार्थिनी सिनेमात गेली, असं म्हणणं जास्त खरं.

पुढच्या भूमिकांची निवड बघा. 'फायर'मध्ये शबाना आझमींसोबत, दोन जावांच्या प्रेमाची गोष्ट. 1998 च्या अखेरीस तो भारतात लागला तेव्हा चित्रपटगृहांची तोडफोड झाली. त्याच वर्षीच्या '1947 अर्थ'मध्ये फाळणीतली आया. 2002 मध्ये मृणाल सेन यांचा बंगाली 'आमार भुवन', त्यासाठी कैरोच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार. त्याच वर्षी मणिरत्नम यांचा तमिळ चित्रपट. दहा भाषांत चाळीसच्या आसपास चित्रपट आहेत, सगळ्यांची नावं देत बसत नाही. दोनवर मात्र थांबते, कारण ते दोन आमच्या मातीच्या फार जवळचे आहेत.

पहिला 'बवंडर', 2000 सालचा, जगमोहन मुंदडा यांचा. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवींच्या खऱ्या हकिकतीवर तो बेतलेला आहे. भंवरी देवी सरकारी योजनेत 'साथिन', म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत होत्या. 1992 मध्ये त्यांनी एका तान्ह्या मुलीचं लग्न थांबवायचा प्रयत्न केला, आणि त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 मध्ये खालच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण त्याच प्रकरणातून महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1997 मध्ये कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ रोखणारी विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यातून पुढे त्याच विषयावरचा 2013 चा कायदा. मी आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर आहे. ती समिती आज आहे त्यामागे ही बाई आहे, हे मला पुस्तकातून नाही, नंदिता दास यांनी उभी केलेली सांवरी बघून कळलं. आमच्याकडे बालविवाह थांबवायला जायची वेळ येते तेव्हा पुढे कोण असतं? अंगणवाडी ताई आणि ग्रामसेवक. ताई त्याच गावात राहते, दुसऱ्या दिवशी तिला त्याच हापशावर पाणी भरायचं असतं. 1098 या मुलांच्या मदतवाहिनीला फोन केला कुणी, हे गावात दोन तासांत कळतं. सांवरीचं एकटेपण बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही ताईला समजावून सांगावं लागणार नाही.

दुसरा मराठी आहे, 'माती माय', 2006. दिग्दर्शन चित्रा पालेकरांचं, आणि योगायोग असा की त्याही मूळच्या प्रायोगिक रंगभूमीवरच्या अभिनेत्री. महाश्वेता देवींच्या कथेवरचा चित्रपट. नंदिता दास यांनी केलेली चंडी ही लहान लेकरांची प्रेतं पुरण्याचं काम पिढीजात करणाऱ्या घरातली. स्वतःला बाळ झाल्यावर ते काम तिला नकोसं होतं, आणि गाव तिला चेटकीण ठरवून बाहेर काढतं. मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टी ऐकत ज्यांचं लहानपण गेलं त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. कुणाचे कपडे पेटतात, कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात, आणि मग संशय जातो तो गावातल्या एकट्या, बहुतेक वेळा विधवा, जमीन-जुमला नसलेल्या बाईवर. अमकी करणी करते असं म्हणून कुणाला छळणं 2013 पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे. 'माती माय' त्याच्या सात वर्षं आधीचा. नंदिता दास यांचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं, आणि नेमकं तेच सगळ्यात कमी लोकांनी पाहिलंय.

आता रंगाबद्दल. 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम चेन्नईच्या 'विमेन ऑफ वर्थ' या संस्थेनं 2009 मध्ये सुरू केली. नंदिता दास 2013 मध्ये तिचा चेहरा झाल्या. शिकलेल्या, वरच्या वर्गातल्या बाईची भूमिका असली की थोडा उजळ मेकअप करू या, असं आपल्याला सुचवलं जातं, हे त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. म्हणजे गावाकडची, गरीब असेल तर सावळी चालेल, प्राध्यापक असेल तर गोरी हवी!

हे वाचताना मी तिशीत होते, आणि मला माझा बायोडाटा आठवला. त्यात वर्ण 'गव्हाळ' लिहिला होता. मी गव्हाळ नाही, चांगली काळीसावळी आहे. आजी म्हणायची, "माय, उन्हात नको हिंडू, आधीच रंग असा." तिची माया खोटी नव्हती, पण तिला पाहुण्यांची भीती वाटायची. दोन ठिकाणांहून 'मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण...' असा निरोप आला होता. तो 'पण' आमच्या घरात बरेच दिवस जेवणाच्या ताटापाशी बसलेला असायचा. पुढे 2019 मध्ये नंदिता दास यांनी याच विषयावर 'इंडियाज गॉट कलर' ही छोटी ध्वनिचित्रफीत केली. या मोहिमेमुळे लगेच स्थळं बदलली असं कुणी म्हणणार नाही. माझ्या वर्गातल्या मुली मात्र आता 'वर्ण' हा रकानाच नको म्हणतात, आणि काही जणी खरंच तो खोडतात.

दिग्दर्शनाकडे येते. पहिला चित्रपट 'फिराक', 2008. गुजरातमधल्या 2002 च्या हिंसाचारानंतर महिनाभरानं, चोवीस तासांत घडणाऱ्या काही कुटुंबांच्या गोष्टी. संकलन आणि कलादिग्दर्शन यांसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यात दीप्ती नवल यांनी केलेली आरती आहे. दंगलीत एक बाई मदतीसाठी तिचं दार वाजवत राहिली आणि आरतीनं ते उघडलं नाही. आता तिला तो आवाज सारखा ऐकू येतो, आणि स्वयंपाकघरात ती स्वतःच्या हाताला उकळत्या तेलाचे चटके देते. नवरा तिला मारतो ते वेगळंच.

दंगलीवरच्या चित्रपटात कॅमेरा बहुधा मारणाऱ्यावर किंवा मरणाऱ्यावर असतो. या बाईंनी तो दाराच्या आतल्या बाजूला उभ्या असलेल्या गृहिणीवर ठेवला. मला वाटतं, नटी म्हणून इतकी वर्षं सोसणाऱ्या बायका उभ्या केल्यावर दिग्दर्शक म्हणून त्यांना ऐकणारीकडे बघायचं होतं.

मी आठवीत असताना आम्ही भाड्याच्या वाड्यात राहायचो. एका रात्री शेजारच्या काकूंनी आमचं दार वाजवलं होतं. भांडण नेहमीचंच, त्या दिवशी जास्त होतं. आई उठली, कडीपर्यंत गेली, आणि बाबा म्हणाले, "त्यांच्या घरातलं आहे." आई परत येऊन झोपली. 'फिराक' पाहिला त्या रात्री मी आईला फोन केला आणि नुसती गोष्ट सांगितली, बाकी काही बोलले नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कडी काढायला किती वेळ लागला असता गं."

2020 च्या टाळेबंदीत घरगुती हिंसेवर त्यांनी 'लिसन टू हर' हा काही मिनिटांचा लघुपट घरातच केला, त्यातही विषय हाच: घरून काम करणाऱ्या बाईला एका अनोळखी बाईचा फोन येतो, आणि तिला तो आवाज ऐकून काहीतरी करायचं असतं. भूमिकाही स्वतःच केली.

उर्दू लेखक सआदत हसन मंटो यांच्यावरचा 'मंटो' (2018) फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'अं सर्तें रगार' विभागात होता. मला तो थोडा गच्च वाटला. मंटोंचं आयुष्य आणि त्यांच्या कथा एकमेकींत गुंफताना काही कथांना श्वास घ्यायला जागा उरलेली नाही. पण रसिका दुगल यांची सफिया, म्हणजे लेखकाच्या बायकोला लेखकाइतकंच महत्त्व देणं, ही त्यातली जमलेली गोष्ट. आणि लेखिका इस्मत चुगताई झाल्या आहेत आपल्या मराठवाड्याच्या राजश्री देशपांडे, ज्यांनी औरंगाबादजवळच्या पांढरी पिंपळगावात शाळेसाठी आणि पाण्यासाठी काम केलं आहे.

'झ्विगॅटो' (भारतात मार्च 2023) भुवनेश्वरचा. नोकरी गेलेला माणूस घरपोच जेवण पोचवायचं काम करतो, आणि बायको कामावर जायचं म्हणते तेव्हा त्याला ते सोसत नाही. आमच्या किती विद्यार्थ्यांचे भाऊ आज पुण्यात पाठीवर तीच पेटी घेऊन फिरतात. बाकी 2009 ते 2012 बालचित्रपट संस्थेचं अध्यक्षपद आणि 2005 मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेचं परीक्षकपद ही पदंही आहेतच.

कुठून सुरुवात करायची म्हणाल, तर 'लिसन टू हर' आधी बघा, फार वेळ लागत नाही. मग 'फिराक'. 'माती माय' मिळाला तर एकट्यानं नका बघू, घरातल्या मोठ्या बायकांना सोबत घ्या. माझ्या मावशीनं तो संपल्यावर आमच्या गावातल्या एका बाईचं नाव घेतलं, जिच्याविषयी मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.